मेलच्या मशीनची थंड खोली

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात मी शिपाई होतो. शिक्षण चौथी. माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती तेव्हा शेठनी ऑफिसात मेलचं मशीन आणलं. चटया अरबांच्या मुलखात जायच्या आणि तिकडचे व्यापारी आता मेलवरच बोलतात म्हणे. सगळ्यांचा मेल आधी या एका कॉम्प्युटरात उतरायचा, मग ज्याच्या त्याच्या टेबलावर जायचा. तो बंद पडला की सगळं ऑफिस मुकं.

त्याच्यावर नजर ठेवायला कोण? मी. बाकीच्यांना कामं होती.

मशीन बसवणारे साहेब नाशिकहून आले, मला स्टुलावर बसवलं आणि शिकवलं. बाजूच्या डबीतला हिरवा दिवा लुकलुकतोय तोवर ठीक. तांबडा झाला की मला फोन करा. भिंतीवरच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. दुसऱ्या कशाला हात लावू नका. म्हणजे बघायचं, पण करायचं काही नाही. असलं काम मी जन्मात केलं नव्हतं. आमच्या पिंपळनेरकडे ढोरं राखणाऱ्यालाही निदान दगड मारता येतो.

मशीनला गरमी चालत नव्हती. म्हणून त्या खोलीत मोठा कूलर लावला. कारखान्यात माणसं पत्र्याखाली घामानं भिजलेली, आणि हे गारव्यात. मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "हाऊ मशीन नही, जवाई शे." ते नाव ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी बसलं. शेठसुद्धा सकाळी आल्यावर विचारायचे, नाना, जवाईबुवा उठले का?

बायकोचं काळीज कमजोर झालं होतं. पायावर सूज, चार पावलं चालली की धाप. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण हा उन्हाळा हिला गारव्यात ठेवा. गारव्यात म्हणजे कुठे? आमची भाड्याची खोली पत्र्याची. दुपारी पत्रा तापला की आत भाकरी भाजून निघाली असती. वर रोज दुपारची लाईट जायची. धुळ्याला लेक दिलेली, तिच्याकडेही पत्राच. खानदेशात मे महिन्यात गारवा विकत घ्यावा लागतो.

मी शेठना विचारलं. ते लगेच म्हणाले, आण की नाना, खोली रिकामीच आहे. तेव्हापासून ती अकराच्या सुमाराला रिक्षानं यायची, डबा घेऊन. खोलीच्या कोपऱ्यात पोतं अंथरून बसायची, गवारीच्या शेंगा मोडायची. मशीनशी बोलायची. जवाईले आज भूक नही वाटते, कितला हळू चाली राह्यना, असं काहीबाही. मी बिडी प्यायला बाहेर गेलो तर तीच दिव्याकडे बघायची. परत आलो की न विचारता सांगायची, "चालू शे." पंधरवड्यात तिच्या पायाची सूज उतरली. मला वाटलं, उन्हाळा निघाला.

मग मेल अडकला. दिवा हिरवाच, लुकलुकणंही नेहमीसारखं, पण अरबाचा मेल काही येईना आणि आपला तिकडे पोचेना. मी बघतोय ते बरोबर, आणि आत सगळं बिघडलेलं. साहेबांना बोलावलं. त्यांनी मशीन उघडलं, शेठना आतली हिरवट पट्टी दाखवली. कूलरची ओल खाऊन गंजली होती. मग त्यांनी कोपऱ्यातलं पोतं, डबा, शेंगा बघितल्या.

"ही सर्व्हरची खोली आहे की धर्मशाळा?"

बायको उठून उभी राहिली. शेठ खाली बघत होते. साहेब चूक बोलले असं मी आजही म्हणत नाही. धूळ, ओल, माणसाची ये-जा, काहीच नको होतं त्या मशीनला. कूलर गेला, एसी आला. पुढच्या बाजूला काच बसवली, दाराला कुलूप. चावी कॅशियरकडे. माझं स्टूल काचेबाहेर. तिथनंही दिवा दिसत होता, काटा दिसत होता.

ती दोन दिवस घरी राहिली. पाय परत सुजले. तिसऱ्या दिवशी आली आणि काचेला पाठ लावून खाली बसली. मी म्हटलं, चावी मागून आणतो, थोडा वेळ आत बस. नको म्हणाली. "तुमनी नोकरी जाई. काच थंडी शे, माले इतलं बस." शेठनी खुर्ची पाठवली, तर खुर्चीत पाठ काचेला टेकत नाही म्हणून ती खालीच बसली. डोक्यावरचा पदर काढून डोकं मागे टेकवायची. मी पुठ्ठ्यानं वारा घालायचो. एक डोळा दिव्यावर, एक तिच्यावर. दोन्हीकडे नुसतं बघायचंच.

महिनाअखेरीला एका दुपारी लाईट गेली. जनरेटर चालू झाला, पण तो फक्त जवाईच्या खोलीपुरता. आमच्या डोक्यावरचा पंखा थांबला. काटा आत आपल्या जागेवर. इकडे तिचा श्वास वर वर जायला लागला, ओठ काळसर झाले. कॅशियर जेवायला गेलेला. मी धावत त्याला गाठलं. तो खरकट्या हातानंच पळत आला, काही न विचारता त्यानं कुलूप काढलं. आम्ही दोघांनी तिला उचलून आत गारव्यात निजवलं. शेठनी गाडी काढायला सांगितली.

तिनं डोळे उघडले. मान वळवून डबीकडे बघितलं.

"चालू शे," म्हणाली.

सिव्हिलला पोचायच्या आधीच गेली. गारव्यात आणखी चार दिवस बसली असती तर वाचली असती का, हे डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. शेठ वाईट नव्हते, साहेब वाईट नव्हते, कॅशियर तर जेवण टाकून आला. शिव्या द्यायला एक माणूस मिळाला असता तर बरं झालं असतं.

तेरावं उरकून मी कामावर गेलो. स्टुलावर बसलो. काचेवर तिचं डोकं टेकायचं तिथे खोबरेल तेलाचा डाग होता, बरोबर दिव्याच्या आड येणारा. फडकं माझ्याच खांद्यावर होतं. मी मान वाकडी करून दिवा बघायचो.

पुढे मुंबईचे व्यापारी येणार म्हणून शेठनी काचा पुसून घेतल्या. मी तेव्हा चहा आणायला गेलो होतो. परत येऊन बसलो तर दिवा सरळ दिसत होता.

हिरवा होता.