पिवळ्या जाळीतलं सोळावं फूल

थाटीपुरातल्या शरयूताईंच्या बागेचा पूर्वेकडचा कोपरा भाद्रपदात पिवळाजर्द होतो. माणसाच्या डोक्यावरून जाणारे दांडे आणि टोकाला सूर्यफुलाची धाकटी भावंडं शोभावीत अशी फुलं. थंडीत ही झाडं वाळून जातात आणि पाऊस पडला की त्याच मुळांतून पुन्हा वर येतात. एक मुळी शरयूताईंनी देहरादूनच्या बहिणीकडून आणली होती, दुसरी मुरारच्या एका बंगल्यातून. फुलं सारखीच दिसली म्हणून त्यांनी दोन्ही एका जागी लावल्या. पुढे त्यांची एकच जाळी झाली. घरात सगळे तिला नुसतं 'पिवळी' म्हणतात.

शरयूताईंनी आयुष्यभर शाळेत मुलींना चित्रकला शिकवली. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका येऊन बसला. कडेचं दिसतं, समोरचं विरघळतं. कुणाचा चेहरा पाहायचा तर मान जराशी वळवावी लागते.

"माझ्याकडे तर तू लग्नापासून अशीच तिरकी बघतेस," त्यांचे यजमान महिपतराव म्हणतात.

"तेव्हा डोळे धड होते," त्या म्हणतात, "म्हणून तिरकी बघत होते."

हळूहळू कामं हातातून निसटली. निवडणं-टिपणं सुनेने, विनिताने, घेतलं; देवाजवळची समई लावणं मुलाने, उत्कर्षने. कुणी हिसकावून नेलं नाही. सगळ्यांनी मायेनेच घेतलं, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही. उरलं होतं ते महालक्ष्म्यांच्या फुलांचं. या घरची रीत अशी की पूजेला सोळा प्रकारची फुलं, आणि सगळी अंगणातली; विकतचं एकही नाही. हेही गेलं, तर सणाच्या दिवशी आपण खुर्चीत बसवलेल्या पाहुण्याच, हे शरयूताई मनाशी जाणून होत्या.

पूजेच्या सकाळी विनिताने परडीतली फुलं ताटात वेगवेगळी मांडली. जास्वंद, तगर, तेरडा, गोकर्ण, सोनटक्का... आणि पिवळी. पंधराच भरली. अबोली यंदाच्या पावसाने कुजून गेली होती.

"उत्कर्ष बाड्यावर बाजारात गेलाच आहे, आई. फोन करून देते, शेवंती मिळून जाईल."

"विकतची?"

"मग काय झालं? आणि पुढच्या वर्षी सगळीच बाजारातून मागवू. तुम्हाला एवढी परेशानी कशाला?"

शरयूताईंनी पदर खोचला. "फोन करू नकोस. मी पुन्हा एक चक्कर मारून येते."

बागेत त्या झाडाझाडाशी थांबल्या. कुठे काही राहिलं नव्हतं. शेवटी त्या पिवळीच्या जाळीत शिरल्या, ते खरं म्हणजे कुणाला तोंड दिसू नये म्हणून.

आत सगळं पिवळं पाणी झालं होतं. फुलांना कडा नव्हत्या. नुसता रंग, जवळ येणारा, लांब जाणारा, आणि त्यातून गुणगुणत फिरणारी एखादी मधमाशी. डोळ्यांचा काही उपयोगच नव्हता, म्हणून त्यांनी ते मिटले आणि आधाराला हात पुढे केला. एक सुकलेलं फूल बोटांत आलं. पाकळ्या सहज गळून तळहातावर पडल्या. दुसरं सुकलेलं फूल लागलं, त्याच्याही पाकळ्या गळल्या. मग तिसरं. या पाकळ्या वाळून कागदासारख्या झाल्या होत्या, तरी फुलाला घट्ट धरून होत्या. ओढली तेव्हा एक निघाली, आणि तिच्या बुडाशी बीचं इवलंसं कवचही आलं.

त्या दांड्यावरून बोटं खाली उतरली. पानं जोडीजोडीने समोरासमोर. शेजारच्या दांड्यावर तशी जोडी खालीच होती. वर एक पान इकडे, तर दुसरं बरंच वर, तिकडे. आणि स्पर्श वासराच्या जिभेसारखा खरखरीत. त्या एका दांड्यावरून दुसऱ्याकडे जात राहिल्या. झोपेत कुणीतरी ओळखीचं भेटावं आणि त्याचं नाव आठवू नये, तसं वाटत होतं. इतकी वर्षं त्यांनी हीच फुलं पाहिली होती, मुलींकडून त्यांची चित्रंही काढून घेतली होती. पिवळ्या रंगाने कधी थांबून विचारूच दिलं नव्हतं.

"विनिता, इकडे ये. पिवळी एक नाही, दोन आहेत."

विनिता जाळीत आली. तिने दोन्ही दांड्यांवरची ताजी फुलं डोळ्यांसमोर धरली. "आई, एकच तर आहेत! देवीला काय फसवायचंय?"

"डोळे मिट."

"अहो, नैवेद्याचं सगळं पडलंय..."

"मिट म्हणते ना!"

शरयूताईंनी सुनेचा हात धरून आधी एका दांड्यावर, मग दुसऱ्यावर फिरवला. सुकलेली फुलं तिच्या मुठीत दिली. तिची बोटं स्वतःच पुढे सरकली, परत आली.

"अरे," ती हळूच म्हणाली, "ही तर सोडतच नाही पाकळी."

ओट्यावरून महिपतरावांचा आवाज आला, "सासवा-सुना आंधळी कोशिंबीर खेळताय की काय? गुरुजी येतील!"

"येऊ दे!" आतून विनिताच ओरडली. "बाबा, मी उत्कर्षला फोन केला होता. त्याला सांगा, फुलं आणायची नाहीत."

शरयूताईंनी जोडपानांच्या दांड्यावरचं एक ताजं फूल खुडलं आणि त्या घराकडे वळल्या. मागे जाळीची सळसळ चालूच होती. विनिताने अजून डोळे उघडले नव्हते; तिचा हात आणखी एका दांड्यावर थांबला होता.

"आई," ती म्हणाली, "जाऊ नका. ही तिसरी कोणती, ते सांगून जा."