तडा गेलेलं चाक

ती घटना आठवली की पोलिसातून निवृत्त झाल्यावर आजही माझं डोकं तापतं. अकोल्याहून अमरावतीकडे येणारी एक कार बडनेऱ्याच्या अलीकडे उलटली. गाडी मुलगा चालवत होता, शेजारी बसलेले वडील जागीच गेले. रीतसर पंचनामा झाला आणि निष्काळजीपणाने वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा मुलावरच दाखल झाला.

वडिलांचं दिवसकार्य आटोपल्यावर त्याची आई ठाण्यात आली. "साहेब, माह्या पोरानं बापाले मारलं, असं कागदावर लिवू नका," एवढंच ती म्हणाली.

असं प्रत्येक आई म्हणते. पण कारचं पुढचं एक चाक भाकरीसारखं तुटलं होतं, ते माझ्या मनातून जात नव्हतं. मुलानं हौसेनं कंपनीची चाकं काढून एका दुकानातून 'रेसिंगची' अलॉय चाकं बसवली होती. मी ती जप्त केली.

पुढे एक निनावी फोन आला. "साहेब, रेसवाले तडा गेलेले चाकं फेकून देतात. तो दुकानदार तेच उचलून, वेल्डिंग मारून, रंगवून नवे म्हणून विकून राहिला."

आरटीओच्या निरीक्षकानं पंचांसमोर तुटलेल्या चाकाचा टायर उतरवला. रंगाखाली, आतल्या बाजूनं, वेल्डिंगचा जाड वळ स्पष्ट दिसत होता. ट्रॅकवरचं चाक वजनाला हलकं असतं, आणि तिथला शहाणा माणूस ते पुन्हा पुन्हा तपासतो. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर घरची माणसं बसवून निघालेला माणूस चाक आतून कधी पाहतो?

दुकानदाराला चौकशीला बोलावलं. पठ्ठ्या ऐटीत आला. "गिऱ्हाइकाले लूक पाह्यजे, आमी लूक देतो. पोरं गाड्या उडवतात, त्याले आमी काय करू?"

येणारा माणूस कशातून उतरतो हे खिडकीतून पाहायची मला सवय होती. मी विचारलं, "दुकानात इतकी देखणी चाकं, मग तुमच्या स्वतःच्या गाडीला कंपनीचीच काहून?"

"माह्या गाडीत लेकरं बसतात ना साहेब," तो बोलून गेला.

नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. इतका संताप मला कुणाचाच आला नाही. त्यानंतर त्यानंच गोदाम दाखवलं. रंग वाळत ठेवलेली चाकं तिथे रांगेनं उभी होती. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला आणि मुलाचं नाव आरोपीतून वगळण्याचा अहवाल मी न्यायालयाला पाठवला.

ग्राहकाची हौस हा गुन्हा नव्हे. माहीत असून मरण विकणं हा गुन्हा आहे, हे मी त्या प्रकरणात शिकलो. मुलाला बोलावून मी ते समजावून सांगितलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि विचारलं, "पण साहेब, ती चाकं तर मीच पसंत केली होती ना?"

दुकानदार जामिनावर सुटला आणि पुन्हा गल्ल्यावर बसला. आपलं काय चुकलं, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नाही.