मूल रस्त्यावर डावीकडे ओढणारी जीप

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला त्या पंगतीत बसवू नये. मी मोहफूल, हिरडा, चारोळी घेणारा-विकणारा माणूस. लहानपणी दुसऱ्याच्या गोदामात पोती उचलली, आज मूल गावी माझं स्वतःचं गोदाम आहे. माल हातात घेऊन चोळून पाहिल्याशिवाय मी कोणाच्या शब्दावर जात नाही. तरीही खाली लिहिलं आहे ते घडलं, आणि त्याची मला भीती कधी वाटली नाही. संताप मात्र आजही येतो.

लढाई संपल्यावर मिलिटरीने ज्या जीपगाड्या लिलावात काढल्या, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या, त्यांतली एक मी चांद्याच्या एका लाकूड कापणाऱ्या आरामशीनवाल्याकडून घेतली. दुपारभर घासाघीस केली. सतरंजी टाकून गाडीखाली झोपलो, चाकं हलवून पाहिली, इंजिन कान लावून ऐकलं. सौदा माझ्या मनासारखा झाला आणि मी मिशीला पीळ देत घरी आलो.

पहिल्याच आठवड्यात गडचिरोलीला निघालो. मूल सोडल्यावर सावली गाव यायच्या आधी सागाचं दाट जंगल लागतं. तिथे स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं. हिसका नाही, धक्का नाही... हट्टी बैल वेसण ताणतो तसं, सावकाश आणि सतत. दोन्ही हातांनी धरून मी गाडी सरळ ठेवली, आणि जंगल सरल्यावर ओढ आपोआप गेली.

जीपवाल्यांना ठाऊक असेल – बैलगाडीच्या चाकांमधलं अंतर जीपपेक्षा जास्त, त्यामुळे जीपचं एक चाक चाकोरीत पडतं, दुसरं वर राहतं, आणि गाडी ओढते. मीही तेच धरून चाललो. पण रस्त्याचा तो तुकडा नुकताच मुरूम टाकून दाबलेला होता, चाकोरी नव्हतीच. आणि परत येताना त्याच ठिकाणी गाडी उजवीकडे ओढू लागली! म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा एकाच बाजूच्या जंगलाकडे.

चांद्याच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने पुढच्या चाकांचे किंगपिन काढले, स्टिअरिंगचा टायरॉड काढला, सगळं धुऊन परत बसवलं, स्वतः चालवून पाहिलं. परत आला आणि हात पुसत म्हणाला, "सेठ, गाडी एकदम सीधी है. आपका हाथ टेढ़ा है." शेजारचे दोघे हसले. मी ते हसणं विसरलेलो नाही.

तिथून तडक आरामशीनवर गेलो. "तुझी गाडी परत घे," म्हटलं.

"घेतानी डोळे उघडे होते नं भाऊ?" तो लाकडाच्या ओंडक्यावर बसून पान लावत होता.

"ओढते ती. दोष लपवून विकली तू."

"माह्याकडं कधी नाई ओढली. एकदा उलटली, ते ड्रायव्हरच्या पायी. तो पिऊन होता. त्यात गाडीचा काय गुना?"

उलटली होती, हे मला सौद्याच्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. सौदा झाल्यावर ऐकतोय! आणखी खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्या अपघातात शेजारी बसलेला एक जण मेला होता. मी त्याला काय काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. तो पान चघळत राहिला.

परतीला मूलला न थांबता मी तशीच गाडी पुढे त्या जंगलात नेली. भर दुपार होती. ओढ सुरू झाली आणि माझं डोकं फिरलं. "जा, तुले कुठी जायचं ते जा," म्हणून मी हात ढिले सोडले. गाडी डावीकडे वळली, झाडांमधल्या एका वाटेवर शिरली. मी फक्त ब्रेकवर पाय ठेवून होतो. वाट एका तलावाच्या पाळीशी संपली. तिथे एक माणूस पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ते विणत बसला होता. त्याने मान वर केली, जीप पाहिली, आणि त्याच्या हातातली सुई थांबली.

"हे गाडी तुमाले कोणं देली?" त्याने विचारलं.

तो मारोती. आरामशीनवाल्याचा तो ड्रायव्हर. गाव ढिवरांचं, मासे धरणाऱ्यांचं; गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. मेलेला माणूस त्याचा सख्खा साळा, बायकोचा भाऊ होता. "मी सरळ गडचिरोलीले चाललो होतो जी," मारोती म्हणाला. "एक थेंब पोटात नव्हता. गाडीनंच गावाकडं तोंड फिरवलं. मी ओढत राह्यलो, ते आईकेच ना. रस्त्याच्या बांधावरून खाली गेली." आरामशीनवाल्याने सगळीकडे दारूचं नाव सांगितलं आणि गावाने ते मानलं. बायको यशोदा पोरांना घेऊन बापाकडे निघून गेली. बापाचं घर त्याच पाळीवर, याच्या दारातून दिसतं. रोज दिसायची, बोलायची नाही.

माझ्या मनात काय आलं ते खरंच सांगतो. मला साक्षीदार मिळाला होता. म्हटलं, "चल माझ्यासंगं चांद्याले. त्याच्या तोंडावर सांग."

"माह्यं कोण आईकते? तुमी माह्या सासऱ्याले सांगा नं."

गाडीचा आवाज ऐकून सासरा आलाच होता. रामाजी – उंच, वाळलेला म्हातारा, सगळं आयुष्य गाडीबैल हाकण्यात गेलेलं. आपल्या पोराला मारणारी गाडी समोर उभी पाहून त्याचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागे सरलो. मी माझा अनुभव सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"याचा तुमचा सौदा केवढ्यात जमला, सेठ?"

आता, मी भाव पाडतो, भांडतो, पण खोटी साक्ष द्यायला आलो असं मला तोंडावर कोणी म्हटलेलं नव्हतं. माझं रक्त तापलं. "बसा गाडीत. तुमी बी बसा, जावई बी बसू द्या. मंग बोला."

मारोती माझ्या शेजारी बसला, म्हातारा मागे. मोठ्या रस्त्यावर गेलो, जंगलाच्या टोकापर्यंत नेली, फिरवून परत आणली. गाडी रुळावरून धावल्यासारखी सरळ. जिथे माझे खांदे भरून यायचे तिथे एका बोटाने धरली तरी हलेना. मागून म्हातारा म्हणाला, "चांगली चालते जी तुमची गाडी."

मी गाडी पाळीकडे वळवली. मारोती खाली पाहत होता. पुन्हा एकदा खोटा ठरल्यासारखा.

पाळीवर परत आल्यावर तो मुकाट्याने उतरला आणि आपल्या जाळ्याकडे चालू लागला. म्हाताराही उतरत होता. मी त्याचा दंड धरला. का धरला, सांगता येत नाही... हरून घरी जायची मला सवय नाही एवढंच. "एक बार अजून. आपन दोघंच. पुढं या."

"सोडा सेठ."

"बैलं खोटं बोलतात का कधी? हातानं पाहा. मले नका मानू, हाताले माना."

तो पुढे येऊन बसला. मोठ्या रस्त्याला लागलो आणि ती आली – ओढ. या वेळी इतकी की गाडी कडेला घसरू लागली. वेग कमी केला, म्हाताऱ्याचे दोन्ही हात ओढून स्टिअरिंगवर ठेवले आणि माझे काढून घेतले. त्याचे हात कासऱ्याने घट्टे पडलेले. त्याने पाय रोवले, अंग मागे टाकलं, गाडी सरळ धरायचा प्रयत्न केला. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. मी ब्रेक दाबला तेव्हा पुढचं चाक रस्त्याबाहेर गेलं होतं.

तो खाली उतरला. मागे चालत गेला, वाकून चाकाची खूण पाहिली, मुरमावर पाय घासून पाहिला.

"इथी चाकोरी नाई," तो म्हणाला. मला नाही, स्वतःलाच. मग रस्त्याबाहेर गेलेल्या चाकाला हात लावला. "जवान मानसाच्या हातानं बी नसती आवरली."

गाडीत बसायला त्याने नकार दिला. तो पुढे चालत आणि मी मागे हळूहळू जीप हाकत, असे आम्ही पाळीवर आलो. मारोतीकडे त्याने पाहिलं नाही. आपल्या घराच्या ओसरीपाशी गेला. यशोदा तिथे मासळी साफ करत बसली होती. तिला म्हणाला, "यशोदे, आज तिकडं रांध."

ती उठली नाही लगेच. हातातला मासा पूर्ण साफ केला, हात धुतले. मग टोपली उचलली आणि पाळीवरून नवऱ्याच्या घराकडे चालू लागली. मारोती जाळं पायात तसंच ठेवून उभा राहायला गेला आणि अडखळून पडला. ती हसली नाही, पण थांबली.

इथे थांबलो तर वाचक म्हणतील – म्हणजे गाडीला त्याला निर्दोष ठरवायचं होतं. मलाही घरी, बाजारात, सगळ्यांनी हेच ऐकवलं, आणि दर वेळी माझं डोकं तापतं. निर्दोष ठरला ना? बायको घरी आली ना? मग ओढ थांबायला हवी होती. ती थांबलेली नाही. आजही त्या जंगलात जीप तशीच ओढते. मारोती सोबत असला तर ओढत नाही म्हणावं, तर ती उलटली त्या दिवशी तोच चालवत होता. आणि तो साळा बिचारा कशापायी गेला? गाडीला कोणाचं भलंच करायचं होतं, तर आधी त्याचा जीव कशाला घेतला?

मागच्या उन्हाळ्यात मी हेच सगळं मारोतीला विचारलं. रागातच विचारलं, कारण येताना माझे खांदे पुन्हा दुखून आले होते. तो अंगणात होता, आत यशोदा कोणावर तरी ओरडत होती.

"मले काय विचारता सेठ," तो म्हणाला. "गाडी तुमची हाये."