डिस्ट्रिब्युटरची टोपी

नातू स्कूटरचा प्लग पेट्रोलने धूत होता. त्या वासाने मला साठ-एकसष्टची तलासरी आठवली.

झरीहून एका अडलेल्या बाईला डहाणूच्या दवाखान्यात नेताना माझी जुनी सरकारी जीप झटके खात मिसिंग करू लागली. तलासरीच्या गॅरेजात नटुभाई मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. "ड्रायव्हरसाहेब, डिस्ट्रिब्युटरची टोपी पडलीबिडली नाय ना?"

प्लगांना वीज वाटणारं ते झाकण सकाळीच माझ्या हातून फरशीवर पडलं होतं. नोकरी कच्ची होती. "छे, हातसुद्धा लावला नाही," मी म्हणालो.

माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी चारही प्लग तपासले, कार्बोरेटर खोलला. तासाभराने टोपी उन्हात धरली, तेव्हा केसाएवढी चीर दिसली. तोवर मागच्या सीटवरचं कण्हणं थांबलं होतं.

तिच्या नवऱ्याने माझेच हात धरले. "दादा, तुमी लय धावपळ केली."

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.