दुखरा पाय घेऊन घरी जाऊ नये

दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या वर्षी मी औंधच्या स्टँडवर सांगलीच्या एसटीत बसले, तेव्हा माझी ट्रंक आबांच्या खांद्यावर होती आणि आई आलीच नव्हती. ती दारातूनच म्हणाली होती, "जातीस तर जा. पर पोरीच्या जातीनं चड्डी घालून पळायचं, ह्ये मला पटत न्हाई." आबा पलटणीतून पेन्शनीवर आलेले, तिथल्या टीममधून फुटबॉल खेळलेले. ऊस तुटून गेलेल्या रानात त्यांनीच मला बॉल मारायला शिकवला. गाडी हलली तसे खिडकीशी येऊन म्हणाले, "बॉलकडं बघू नगंस. म्होरच्याच्या कमरंकडं बघ, त्यो कुठं जानार ती कंबर सांगती." लेकीला निरोप देताना बाप असं बोलतो का? आमचा बोलला, आणि मला लय बरं वाटलं.

गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या ट्रंक उचलून गेलेल्या पोरींनो, सांगलीनं मला पदरात घेतलं. होस्टेलची आमटी म्हणजे पिवळं पाणी, पण ग्राउंड होतं. माधवनगरला गिरणीतली पोरं शिफ्ट सुटल्यावर खेळायची, त्यांच्यात आम्ही कॉलेजच्या मुली घुसायचो. स्टडचे बूट पहिल्यांदा मिळाले तेव्हा मी ते घालूनच मेसमध्ये जेवायला गेले. लेफ्ट विंगला खेळायचे. उगाच नम्रपणा कशाला, मी फार चांगली खेळायचे. मुलींची मॅच बघायला लोक तमाशाला यावं तसे यायचे, पण मी बॉल घेऊन सुटले की शिट्ट्या बंद पडायच्या. महाराष्ट्राच्या टीमच्या कॅम्पला माझं नाव लागलं. मला त्याहून जास्त काहीच नको होतं.

कॅम्पला महिना होता आणि प्रॅक्टिसमध्ये गुडघा मुरगळला. डॉक्टर म्हणाले, काही विशेष नाही, पंधरवडाभर पाय टेकू नकोस, मग खुशाल पळ. होस्टेलचे जिने चढवेनात म्हणून मी घरी गेले. दुखलं-खुपलं की माणूस घरीच जातं.

घरी लोणंदची आत्या आलेली होती, आबांची थोरली बहीण. भावाची लेक म्हणजे हक्काची सून, त्यामुळं तिच्या मुलासाठी मी पाळण्यात असल्यापासून ठरलेली. आबा पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला गेले, त्या दिवशी आईनं डाग देणारा बोलावला. आमच्याकडं बैलाचा खांदा सुजला तरी डाग, पोराला कावीळ झाली तरी डाग. चुलीत विळा लाल केला. आत्यानं माझे हात धरले, आई मांड्यांवर बसली, आणि त्या माणसानं गुडघ्याच्या मागं, पाय दुमडतो तिथं, विळा टेकवला. "वरडू नगं," आत्या म्हणाली, "आमच्याच घरात यायचीयास. तितं तुला कोन पळायला लावतंय?" मी जनावरासारखी ओरडले.

जखम चिघळली. आबा परत आले, त्यांनी पाय बघितला, आणि लढाईवर जाऊन आलेला तो माणूस बायकोला एक शब्द बोलला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. कातडं भरून येताना आवळलं, शीर आखडली आणि पाय सरळ व्हायचा राहिला. कॅम्प झाला, टीम गेली, माझ्या जागी दुसरी खेळली. आत्यानं मला अंगणात चालायला लावलं, बघितलं, आणि त्याच उन्हाळ्यात मुलाला दुसरीकडची बायको करून आणली. "लंगडी सून घिऊन मी काय करू? हिरीचं पानी काय मी वडू?" असं तिनं आईला तोंडावर सांगितलं.

मी सांगलीला परत आले. शिक्षण पुरं केलं, आणि कॉलेजनं मला मुलींची कोच म्हणून ठेवून घेतलं. पळता येत नाही, शिट्टी फुंकता येते. मुली माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते बरोबरच आहे. पायाचं कुणी विचारलं की मी सांगायचे, आई अडाणी हो, बिचारीला वाटलं सूज उतरेल.

मग गेल्या दिवाळीत आई भाकऱ्या थापत असताना आत्याचा विषय निघाला. आई सहज म्हणाली, "त्यो मानूस नगं म्हनत हुता. मागल्या अंगाला डाग दिला तर शीर आकडंल म्हनला. मीच म्हनलं, तितंच दे."

मी विचारलं, का?

"तू ममईला गेली असतीस, दिल्लीला गेली असतीस. माघारी कशाला येतीस? वाटलं, वन्सं घरच्याच हायत, पाय आकडला तरी पदरात घेतील. त्यांनीच दगा दिला." तिला वाईट वाटत होतं ते नणंदेवर भरवसा ठेवल्याचं. भाकरी उलटून म्हणाली, "एवडं करून बी तू ऱ्हायली न्हाईसच." आणि मला ताट वाढलं. मी जेवले. भूक लागली होती.

परवा माझ्या टीममधल्या मिरजेच्या नसीमचा घोटा मुरगळला. तिची आई डबा घेऊन न्यायला आली. "चार दिस घरी ऱ्हाऊ द्या, शेकते." मी म्हटलं, डबा ठेवा, मुलगी मिळणार नाही. ती होस्टेलच्या गेटवर रडायला लागली. "तुमाला लेकरू न्हाई बाई, तुमाला काय कळायचं?" भली बाई असणार. तिनं शेकलंच असतं, दुसरं काही केलं नसतं. तरी मी गेट लावून घेतलं. नसीम माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे.

माझं घर कुठलं म्हणून विचाराल तर सांगली. इथं मी दिवसभर खुशाल लंगडते, ग्राउंडवर, मंडईत, कुणाची भीड नाही. सणाला औंधला जाते, तेव्हा स्टँडवर उतरल्यापासून टाच टेकवत, पाय ताणून चालते. कळ मस्तकात जाते. आई उंबऱ्यात बसलेली असते, माझ्या तोंडाकडं न बघता पायाकडं बघते.

"बरा दिसतोय की गं पाय."

"व्हय," म्हणते मी, "कवाच बरा झाला," आणि तशीच ताठ चालत तिच्या अंगावरून आत जाते.