निळी फीत

सुधाकरराव गुरुजी एकदा बोलायला उभे राहिले की त्यांना खाली बसवायला दोन माणसं लागायची. पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणातल्या भीमपूर मंडलात आमचं गाव. नदी ओलांडली की महाराष्ट्र. गावातल्या मराठी शाळेत गुरुजींची उभी हयात गेली. निवृत्त झाले तरी शिकवणं काही सुटलं नाही. वाटेत भेटलेल्या माणसालाही छत्री कशी धरावी ते समजावून सांगायचे. आम्ही वैतागायचो आणि छत्री नीट धरायचो.

मागच्या वर्षी ते लेकीकडे हैदराबादला गेले होते. तिथे त्यांनी चालण्याचा उत्सव पाहिला. धडधाकट, म्हातारे, कुबड्या घेतलेले, सगळे आपापल्या कुवतीच्या रस्त्यानं चालत होते आणि शेवटी एकत्र बसून जेवत होते. गुरुजी परत आले ते हेच खूळ डोक्यात घेऊन. विहारात बैठक बोलावली. "रोज वावरात पायपीट करतो, आता सुट्टीच्या दिशीबी चालाचं काय?" असं म्हणून आम्ही खूप हसलो. पण गुरुजींपुढे कोणाचं चाललंय? संक्रांतीनंतरचा रविवार ठरला. शाळेच्या फाटकावर कापडी फलक लागला: 'चला, सगळे चालू. कोणी मागे राहणार नाही.'

रस्ते तीन काढले. लांबचा रस्ता कपाशीतून नाला उतरून, टेकडीला वळसा घालून येणारा. मधला नदीपर्यंत जाऊन परत फिरणारा. आणि जवळचा शाळेपासून चिंचेपर्यंत, सपाट, वाटेत बसायला बाजा टाकलेल्या. प्रत्येक रस्त्याची फीत वेगळी, ती मनगटाला बांधायची. "लांबचा रस्ता निळा राहीन," गुरुजी म्हणाले. "आपले पोरं पुढं चालतीन तं निळ्यातच दिसले पाह्यजेत." आम्हालाही ते फार आवडलं. मधल्याला पिवळी ठरली. जवळच्या रस्त्याला दुकानात उरलेली गुलाबी आणली.

हा जवळचा रस्ता गुरुजींनी मनातून कोणासाठी काढला होता, ते गावाला कळत होतं. त्यांची मोठी बहीण बयनाबाई, तिच्यासाठी. लहानपणीच्या तापात तिचा उजवा पाय वाळला. लग्न झालं नाही. गुरुजी आदिलाबादला शिकायला होते तेव्हा म्हाताऱ्या आईबापांचं सगळं हिनंच काठी टेकत केलं. शेजारणी नदीला, बाजाराला, लग्नाला जायच्या आणि ही दाराशी ओट्यावर बसून गोधड्या शिवायची. एकदा तरी अक्कानं चार लोकांत चालावं, अशी गुरुजींची फार इच्छा होती. आदल्या दिवशी घरी जाऊन त्यांनी तिला आग्रहानं सांगितलं, "अक्का, उद्या तूबी येजो." कुठली फीत घ्यायची, ते मात्र सांगितलं नाही. ते तिला कळेलच, असं ते धरून चालले.

रविवारी शाळेत जत्राच भरली. मंडलाचे साहेबही पाहुणे म्हणून आले. फिती वाटायला अंगणवाडीची शीतल उभी होती. गुरुजी माईक धरून चालण्याचे फायदे सांगत होते. कुठल्या रंगाचा कुठला रस्ता, हे भाषणाच्या अगदी शेवटी आलं. तोवर फिती बांधून झाल्या होत्या. पिवळी दिसली तशा वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या बाया, खंडोबाचा रंग म्हणून, तिकडे वळल्या. आमच्या वस्तीतल्या झाडून साऱ्या बायांनी हात पुढे केला तो निळ्यासाठी. आता निळी समोर असताना आमच्यातलं कोण गुलाबी बांधणार? बैठकीला आम्ही एवढे शहाणे बसलो होतो, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गुरुजी साहेबांना घेऊन निळ्या रस्त्यानं सगळ्यांच्या पुढे निघाले. वाटेत साहेबांना तूर दाखवली, टेकडी दाखवली, शाळेचा इतिहास ऐकवला. मागे वळून काही पाहिलं नाही. कित्येक बाया नाल्याचा उतार बघून परत फिरल्या. गुरुजी घामाघूम होऊन शाळेत आले, पाणी प्यायले आणि कौतुकानं चिंचेकडे बघितलं. बाजा रिकाम्या होत्या. टेबलावर गुलाबी फितीचं भेंडोळं तसंच पडलेलं होतं.

"अक्का कुठी हाय?" त्यांनी शीतलला विचारलं.

"त्या तं निळी बांधून गेल्या, सर," शीतल घाबरून म्हणाली. "मी म्हनलं बी, आत्या, रस्ता लांब हाय. त्या म्हने, माया भाऊ हाय ना पुढं."

गुरुजी पळत सुटले. मी आणि आणखी दोघं-तिघं त्यांच्यामागे. सगळ्यांच्या मागून निघालेली बयनाबाई नाल्यात सापडली. पाण्याच्या कडेला दगडावर बसली होती. लुगडं चिखलानं भरलेलं, काठी खाली वाहून गेलेली, चांगला पाय गुडघ्यात सुजून टम्म. मनगटावरची निळी फीत मात्र तिनं ओली होऊ दिली नव्हती. हात पदरात गुंडाळून धरला होता.

"अक्का, काऊन आली तू इकडं?" गुरुजी जवळजवळ ओरडलेच. "तुयासाठी गुलाबी ठेवली होती ना! तो रस्ता तुयासाठीच काढला होता!"

तिनं वर पाहिलं. तिला राग आलेला नव्हता, हेच मला बघवेना.

"मले कोनं सांगतलं, बाबू?" ती म्हणाली. "जयंतीची मिरवणूक निंगे तवा दरसाल तूच म्हने, अक्का, तू ओट्यावर बस, मागं पडशीन. मी बसत गेली. साऱ्यायचे निळे झेंडे ओट्यावरून पाह्यले. आज शीतलनं तुया फलक वाचून दाखवला. कोनी मागं राह्यनार नाई म्हने. वरून निळी फीतबी भेटली. म्हनलं, आज तं चालून घ्यावं."

 ज्या माणसाला बोलताना थांबवायला आम्हाला दोघं लागायचे, तो नाल्यात मान खाली घालून उभा होता. आमच्यातलंही कोणी त्यांच्याकडे बघेना. त्या मिरवणुका आमच्याही होत्या. तिच्या ओट्यासमोरून आम्हीही नाचत पुढे गेलो होतो.

जवळच्या रस्त्यावरची एक बाज आणली आणि चौघांनी तिला उचलून शाळेत आणलं. अंगणात सगळं गाव जेवायला बसलेलं. बयनाबाईनं पदर पार तोंडावर ओढून घेतला. बाज फाटकातून आत येताना कोणीतरी हौसेनं टाळ्या वाजवायला लागलं. "बंद करा," गुरुजी म्हणाले.  ते जेवायलाही बसले नाहीत. फलक स्वतःच काढला, घडी घातली आणि काखेत मारून घरी गेले.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता या पायावरही भार द्यायचा नाही. बयनाबाईचं चालणं घरातल्या घरात, भिंत धरून, तेवढंच उरलं. गुरुजी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायचे. वाटेत भेटले तर नमस्कार करून पुढे जायचे. छत्री कोण कशी धरतंय, तेही बघायचे नाहीत. स्वतःची लाज वाटते, असं एकदाच त्यांनी मला सांगितलं. 

जयंती आली. मिरवणुकीत गुरुजी दरवर्षी सगळ्यांत पुढे असतात, हातात झेंडा. यंदा झेंडा त्यांनी दुसऱ्याकडे दिला. आमची मिरवणूक वाजतगाजत बयनाबाईच्या ओट्यापाशी आली तर गुरुजी तिच्या शेजारी बसलेले. पांढरे कपडे, मांडीवर हात. तिच्या मनगटावर ती फीत, रंग विटलेली. पोरं ओरडली, "सर, चला ना!" गुरुजींनी नुसती मान हलवली. मिरवणूक पुढे सरकली. मी मागे रेंगाळलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

बयनाबाईनं काळजीनं त्यांना कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "जाय ना रे बाबू. मागं पडशीन."

गुरुजी उठले नाहीत. तिचा फितीचा हात हातात घेऊन तसेच बसून राहिले.