बांगडीचा खेळ आणि शुक्रवारचा तास

दापोलीच्या स्टँडवर आत्यानं माझ्या हातात लोकरीचा स्वेटर कोंबला तेव्हा सगळे हसले होते. मस्कतला निघालेल्या पोरीला स्वेटर! बाबा तिथे स्केटिंग रिंकचा बर्फ गोठवायची यंत्रं सांभाळतात, हे फक्त आत्याच्या लक्षात होतं. एसटीत बसल्यावर आई म्हणाली, "तिथे कुणाच्या डोळ्यावर येऊ नकोस." आई, ते काही जमलं नाही.

बाहेर अंगाची लाही, आत मी स्वेटर घालून. रिंकवर तेल कंपनीतल्या एकाची कॅनडियन बायको भेटली. तिनं आम्हा मुलींना रिंगेट शिकवलं. तिच्या कॅनडात बर्फावर हॉकी होती ती मुलांची, म्हणून साठच्या दशकात खास मुलींसाठी हा खेळ काढला. तो फिनलंडपर्यंत पोचला. सरळ काठी, रबराची रिंग आणि एक कडक नियम: निळी रेघ आली की रिंग स्वतः पलीकडे न्यायची नाही, मैत्रिणीला पास द्यायचा. काठ्या कुठल्या आणणार? बाबांनी मुलांच्या तुटक्या हॉकी स्टिकांची पाती करवतीनं उडवून दिली.

मराठी मंडळानं मुलांमुलींसाठी रिंकवर शुक्रवारचा एक तास घेतला होता. अध्यक्ष पाटणकर काकांनी तो अख्खा मुलांच्या हॉकीला देऊन टाकला. आम्हाला म्हणाले, "बांगडीचा खेळ घरी खेळा गं. इथे खलास."

मी म्हटलं, एक मॅच होऊ दे, आमच्या नियमांनी. जिंकेल त्याचा तास. नियमांचं पत्रक काढून वाटलं. काकांच्या चिरंजीवांनी त्याचं विमान केलं.

मॅचमध्ये प्रत्येक पोरगा हीरो. रिंग घ्यायची आणि सुसाट रेघेपार. शिट्टी. पुन्हा तेच, पुन्हा शिट्टी. पास द्यायचा असतो हे शेवटपर्यंत एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. त्यांचा एकही गोल झाला नाही, आमचे मोजायचेच सोडून दिले. काका म्हणाले, "ती गंमत होती गं." तास मुलांकडेच राहिला.

त्या संघातल्या मैत्रिणी आज टोरोंटोत, दुबईत, पुण्यात आहेत. पोरींनो, तुम्ही विसरला असाल. मी नाही. बायकांच्या सह्या गोळा केल्या, दर सभेत पत्रकं वाटली, तो तास ओढून परत घेतला. आता तो मी चालवते.

गेल्या महिन्यात काकांचा फोन. "बेटा, आमच्या धाकटीला घेशील ना?"

"घेते की. हळदीकुंकवाला माइकवर तुमचं ते बांगडीचं वाक्य पुन्हा म्हणा, मग तिचं नाव घाला."

म्हणाले. सगळ्या बायकांसमोर, घाम पुसत. मला दया आली नाही, आणि यायला हवी होती असंही वाटत नाही.

आत्या, तू विचारतेस, घरी कधी येणार. शुक्रवारी काकांची पोरगी रेघेशी थांबते, मान वर करून पलीकडे कोण आहे ते बघते, मग पास देते. काचेबाहेर तिचे बाबा उभे असतात. माझं घर सध्या तिथे आहे. तुझा स्वेटर मला होत नाही, तो तिच्या अंगावर आहे.